मंजुळाकाकीचा कैदी

मंजुळाकाकीने मला पहिल्याच दुपारी झापलं. तळासरीच्या शाळेत विज्ञान शिकवायला म्हणून मी घाटावरून आले होते आणि डहाणूजवळ आगरला तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. सामान आत ओढताना माझी बॅग दाराच्या चौकटीवर आपटली. तशी ही काटकुळी बाई कंबरेला पदर खोचून पुढच्या घरातून आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "हळू. तो झोपलाय."

मला वाटलं, घरात तान्हं मूल आहे. आठवडाभर मी मांजरीच्या पावलांनी वावरले. दुपारी कुकर लावला नाही, रेडिओ लावला नाही. भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, "खाई ले, दीकरा, थोडुंक." तिचं माहेर उंबरगावकडचं, गुजरातच्या हद्दीतलं. रागावली की मराठी आणि लाडात आली की गुजराती, असा तिचा सरळ हिशोब होता. मी आपली बावळट, बाजारातून एक खुळखुळा घेऊन आले आणि म्हटलं, बाळाला दाखवा तरी एकदा. काकीने हात धरून मला आत नेलं आणि लाकडी देवघराची इवलीशी दारं उघडली. आत पितळेचा बाळकृष्ण होता, अंगठ्याएवढा. एक गुडघा जमिनीला टेकलेला, हातात लोण्याचा गोळा आणि डोक्याला लोकरीची टोपी. लग्नात माहेरून आलेला. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर हसून हसून गावभर करती. काकीने खुळखुळा घेतला, वाजवून बघितला, देवघराच्या खुंटीला बांधला आणि म्हणाली, "बरं झालं. ह्याला आजपर्यंत कुणी खेळणं दिलं नव्हतं."

देवाला अंग असतं याबद्दल काकीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पौषात त्याला कोमट पाण्याने आंघोळ, वैशाखात गार पाण्याने. आंघोळ घालताना एकदा तिला शिंक आली, तर तिने सुंठ-गुळाची गोळी आधी त्याच्या ओठाला लावली आणि मग आपल्या तोंडात टाकली. त्यालाही लागली असेल सर्दी, एकाच घरात राहतो म्हणाली. वीज गेली की विंझणवारा पहिल्यांदा देवघराला. बाजूला तिचा नवरा घामाने निथळत बसलेला असायचा. त्याने तक्रार केली की म्हणायची, तुम्हाला हात आहेत, त्याचा एक हात लोण्यात अडकलाय.

नवरा म्हणजे नाना. जन्मभर तांडेल म्हणून होडी चालवलेला माणूस, पुढे गुडघे गेले आणि घरी बसला. बसल्या बसल्या डहाणूच्या एका सत्संगाला जाऊ लागला आणि एकाच आठवड्यात मूर्ती आणि मासळी दोन्ही सोडून मोकळा झाला. आता बघा, अंगणात बांबूंना दोऱ्या बांधून त्यांवर बोंबील टांगलेले, ओसरीवर जवळा पसरलेला, मांदेलीच्या टोपल्या दारात, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हे गृहस्थ डोळे मिटून, दुधी भोपळ्याची भाजी खाऊन निराकाराचं ध्यान करताहेत. काकी त्यांच्यासाठी वेगळा तवा ठेवायची, पण पोळी वाढताना तो तवा जरा जास्तच जोरात आपटायची.

दोघांचा वाद रोजचा, आणि मी विज्ञान शिकवते म्हणून पंच मी. नानांचं म्हणणं, देव पितळेत नाही, दगडात नाही, तो हवेसारखा आहे, सगळीकडे आहे पण दिसत नाही. एकदा मी शाळेतल्या सवयीने बोलून गेले की नाना, हवेलाही वजन असतं, हवा जागाही व्यापते, फुगा फुगवून दाखवते तुम्हाला. डहाणूत फुग्यांचे कारखाने असल्याने फुग्यांना तोटा नव्हता. मी काठीला दोन्ही टोकांना फुगे बांधले, एक फोडून दाखवला आणि काठी कलली. नानांचा चेहरा पडला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग येऊन म्हणाले, बाई, चुकलं, देव हवेसारखा नाही, आकाशासारखा आहे. काकी आतून तांदूळ चाळत म्हणाली, "बघा, दर आठवड्याला ह्यांचा देव हलका होत चाललाय."

मला स्वतःला विचाराल, तर मी देव मानत नाही असंच सांगत आले. दहावीच्या निकालाच्या दिवशी काय मानते ते विचारू नका.

काकीला एकच मुलगा, जयेश. बापाचा पाय होडीवरून उतरला तसा याचा चढला. अंगाने उंच, बोलायला कमी, हसला की आईसारखा दिसायचा. त्या वर्षी वादळाचा इशारा आला, सगळ्या होड्या परतल्या आणि जयेश होता ती होडी आली नाही. किनाऱ्यावर बायका रडत होत्या, नाना वाळूत येरझाऱ्या घालत होते. काकी मात्र कळशी घेऊन लाटांत शिरली, कळशीभर खारं पाणी घेऊन घरी आली आणि तिने बाळकृष्णाला टोपीसकट त्या कळशीत सोडलं.

देव पाण्यात ठेवतात हे मी ऐकलं होतं. आमच्याकडेही आजीबाई करायच्या, पण तांब्याच्या ताम्हनात, गोड्या पाण्यात, फुलं-बिलं वाहून. ही पद्धत निराळीच. मी म्हटलं, काकी, समुद्राचंच पाणी कशाला? ती म्हणाली, "माझा पोर ज्या पाण्यात आहे त्याच पाण्यात ह्याने बसायचं. नुसतं ऐकून कुणाला काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी होडी आली. इंजिन बंद पडलं होतं, पलीकडच्या गावच्या बोटीने ओढत आणली. नाना शांतपणे म्हणाले की यात देवाने काही केलेलं नाही, त्या बोटवाल्याने केलं. काकी देवाच्या कानातलं मीठ कापडाच्या टोकाने काढत होती. ती म्हणाली, त्या बोटवाल्याला त्या बाजूला वळायची बुद्धी कुणी दिली, तुमच्या आकाशाने? नाना पंचाकडे बघायला लागले. मी शाळेच्या वह्या घेऊन मागच्या खोलीत पळाले.

मग जयेशचं लग्नाचं वय झालं, घर वाढवायचं मनात आलं, आणि त्या भागातले पुष्कळ जण जातात तसा तो गुजरातच्या मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. नारळी पौर्णिमा झाली की बोटीच्या मालकाची, शेठची बस येते, तळासरीच्या पाड्यांवरून, डहाणूच्या वाड्यांवरून माणसं उचलते आणि पार वरच्या बंदरांवर नेते. त्याच बोटीवर तळासरीकडच्या झरीचा लखमा होता, जयेशचा जोडीदार. महिनेच्या महिने समुद्रात, मधूनअधून फोन. असे दोन हंगाम नीट गेले.

तिसऱ्या हंगामात शेठच्या माणसाचा फोन आला की बोट पकडली.

त्या किनाऱ्यावर "बोट पकडली" एवढंच म्हणतात. पुढचं सांगावं लागत नाही. समुद्रात ना कुंपण ना पाटी, जाळं सोडलेलं असतं, पाणी ओढत नेतं, आणि पलीकडच्या देशाची बोट येऊन बंदूक दाखवते. मग कराचीचा तुरुंग. कधी वर्षाने सुटतात, कधी चार वर्षांनी, आणि कधी पेटीतून येतात. हे सगळं त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही. नाना भिंतीला टेकून खाली बसले. काकीने फोन हातात तसाच धरून ठेवला होता, मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

काही दिवस घर सुन्न होतं. देवाची आंघोळ व्हायची, पण आतून आवाज यायचा नाही. मग एका सकाळी नाना सत्संगाहून आले. तिथे कुणीतरी त्यांना समजावलं होतं. बिचारे काकीला धीर द्यायला म्हणून सांगायला लागले की देव कुणाला पकडत नाही आणि कुणाला सोडवतही नाही, जे होतं ते आपल्या कर्माने होतं, देव फक्त साक्षी असतो, तो बघतो. काकी निवडायला घेतलेला जवळा बाजूला ठेवून उठली.

"नुसतं बघणारे आगरात पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "त्यातलाच हा एक असेल तर घरात कशाला ठेवू?"

ती आत गेली. जयेशच्या कपड्यांची पत्र्याची पेटी होती, ती तिने रिकामी केली. मला वाटलं, आता पुन्हा कळशी निघणार. पण पोरगा आता पाण्यात नव्हता. तिने बाळकृष्णाला पेटीत ठेवलं, झाकण लावलं, होडीवरचं जुनं जाड कुलूप अडकवलं आणि किल्ली कनवटीला लावली. मग पेटीसमोर उकिडवी बसली आणि तिने त्याला मराठीत सांगितलं. एरवी देवाशी ती कधी मराठीत बोलत नसे.

"तू जन्मलास तेव्हा तुरुंगाची कुलपं आपोआप गळून पडली म्हणतात. मी काही बघायला नव्हते. आता दाखव."

तिची चुलत जाऊ धावत आली आणि हात जोडून म्हणाली, अगं, असं करू नको, देवाचा कोप होईल. काकी म्हणाली, "होऊ दे. कोपला तर निदान आहे असं कळेल."

ते वाक्य आजतागायत माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मी वर्गात पोरांना सांगायची की एखादी गोष्ट आहे की नाही हे तिच्या परिणामावरून ओळखायचं. वारा दिसत नाही, पान हललेलं दिसतं. ही बाई पान हलायची वाट बघत बसली होती, मग ते तिच्याच डोक्यावर पडलं तरी तिची हरकत नव्हती.

बरं, कोंडलं म्हणून उपाशी ठेवलं नाही. गावात एक जण पूर्वी तिकडून सुटून आलेला होता, त्याला जाऊन विचारून आली की तिथे खायला काय देतात. डाळ आणि रोटी, तो म्हणाला. त्या दिवसापासून पेटीच्या झाकणावर दोन वेळा डाळ-रोटी. लोणी बंद, खीर बंद. मी शाळेतून येताना पेढे आणले तर म्हणाली, बाई, ते तुम्ही खा, तिकडे पेढे मिळत नाहीत.

लखमाची आई जेठी झरीला राहायची. माझी शाळा तिकडच्याच बाजूला, म्हणून काकी म्हणाली, मला घेऊन चला तिच्याकडे, दोघींचं दुखणं एकच. एका रविवारी आम्ही एसटीने तळासरीला आणि तिथून जीपने झरीला गेलो. काकीने बरोबर सुक्या बोंबलांची पेंडी घेतली होती. जीपमध्ये सगळ्यांनी नाकं मुरडली, काकीला त्याचं काही नाही. जेठी अंगणात नाचणी पाखडत होती. दोघी एकमेकींना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होत्या, पण जुनी ओळख असल्यासारख्या शेजारी शेजारी बसल्या. थोड्या वेळाने जेठीने सूप बाजूला ठेवलं आणि काकीचा हात हातात घेतला. मी चुलीपाशी जाऊन उगीच चहाकडे बघत राहिले, कारण मला ते बघवेना.

चहा झाल्यावर काकीने तिला पेटीचं सगळं सांगितलं आणि विचारलं, तुझा देव कुठे आहे? जेठीने हनुवटीने लांबचं आंब्याचं झाड दाखवलं. त्याखाली लाकडाचा उभा खांब होता, शेंदूर फासलेला, वर चंद्र-सूर्य आणि वाघ कोरलेला. वर छप्पर नाही, भिंत नाही.

"त्याला दारच नाय," जेठी म्हणाली. "उन्हात उभा, पावसात उभा. त्याला आनखी काय शिक्षा करू? मी त्या वाटंनं जायचंच सोडलंय. पाण्याला लांबून जाते."

परत येताना डहाणू जवळ आल्यावर काकी म्हणाली की मी माझ्याला कोंडलं, पण रोज त्याच्याशी भांडते तरी. तिने तर बोलणंच टाकलंय. ते त्याला जास्त लागत असेल. आपल्या देवापेक्षा तिला त्या दिवशी जेठीच्या देवाची काळजी वाटत होती.

एक पावसाळा गेला, दुसरा आला. पेटीचं कुलूप काही गळून पडलं नाही. अधूनमधून बातमी यायची की माणसं सोडणार आहेत, आणि मग नाही. काकी वाळली. बाजारात सुकी मासळी विकायला बसायची, पण गिऱ्हाईकाशी घासाघीस करेना. काकीने घासाघीस सोडली म्हणजे काय, हे ज्यांनी तिच्याकडून बोंबील घेतलेत त्यांनाच कळेल. गोकुळाष्टमी आली. शेजारी पाळणे सजले, दहीकाल्याची गडबड, आणि काकी टोपली घेऊन डहाणूच्या बाजाराला निघून गेली. घरात थांबायचं नव्हतं तिला.

मला सुट्टी होती. दुपारी पुढच्या घरातून ठक् ठक् आवाज यायला लागला. मी जाऊन पाहिलं. नाना पेटीपुढे मांडी घालून बसले होते, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात जाड खिळा, आणि पेटीच्या बाजूच्या पत्र्याला ते ओळीने भोकं पाडत होते. मला बघून दचकले. मग म्हणाले, आत हवा खेळत नाही, गंज चढेल.

"नाना," मी म्हटलं, "पितळेला गंज चढत नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी खिळा पुढच्या जागी धरला, पण तो निसटला. खाली बघूनच ते म्हणाले, "आत अंधार असतो, बाई. श्वास कसा घेत असेल?"

कोण, हे मी विचारलं नाही. खिळा धरला आणि म्हटलं, मारा तुम्ही. आकाशासारखा देव मानणारा एक म्हातारा आणि काहीच न मानणारी मी, आम्ही दोघांनी मिळून अष्टमीच्या दुपारी देवाला हवा यावी म्हणून पत्र्याला भोकं पाडली. मला रडू येत होतं आणि हसूही. नानांना मात्र फक्त रडूच आलं.

काकी बाजारातून आली. तिची नजर पेटीकडे गेली, पत्र्याचे कण जमिनीवर तसेच होते. आता तोफ सुटणार म्हणून मी दाराकडे सरकले. काकीने टोपली उतरवली, पेटीपाशी गेली, आणि भोकांची बाजू खिडकीकडे येईल अशी ती फिरवून ठेवली. रात्रीच्या जेवणाला नानांच्या तव्याचा आवाज झाला नाही.

जयेश सुटला तो त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. पंजाबच्या सीमेवरून माणसं सोडली, तिथून गाडीने गुजरातेत आणि मग सरकारी बसने डहाणूला. आगरच्या वाटेवर अख्खं गाव उभं होतं. तो उतरला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. कानशिलं पांढरी, गाल बसलेले, आणि पायात कुणाची तरी मोठी चप्पल. काकीने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग दोन्ही हातांनी त्याचा चेहरा, खांदे, दंड चाचपत राहिली. अंग आहे ना, एवढंच ती बघत होती.

लखमा त्या खेपेला सुटला नव्हता.

जयेश घरात आला, पण दार लावू नका म्हणाला. सगळी दारं-खिडक्या उघडी ठेवली. चहा पिऊन झाल्यावर काकीच्या अंगात जुनी काकी परत आली. तिने कनवटीची किल्ली काढली आणि त्याला ओढत पेटीपाशी नेऊन सगळी हकीकत रंगवून सांगायला लागली. कसं कोंडलं, कसं डाळ-रोटीवर ठेवलं, जाऊ काय म्हणाली, आपण काय म्हटलं. आपण पोरासाठी कुणाशी झुंज घेतली ते त्याला कळावं, असं तिला वाटत होतं, आणि तिचा हक्कच होता तो. जमलेल्या बायका माना डोलावत होत्या.

जयेश ऐकत होता. पेटीवरचं वाळलेलं डाळीचं ताट, कुलूप, पत्र्याची भोकं, सगळं त्याने नीट पाहिलं. मग हळूच विचारलं, "आये, त्याचा काय गुन्हा होता?"

काकीने किल्ली कुलपात घातली, पण खाऱ्या हवेने कुलूप आतून धरलं होतं, फिरेना. ती ओढत राहिली, किल्ली वाकली. जयेशने नानांकडून हातोडी मागून घेतली आणि दोन घावांत कुलूप तोडलं. बाळकृष्ण काळाठिक्कर पडला होता, लोण्याचा गोळा हिरवा. जयेशने त्याला तळहातावर घेतलं आणि अंगणात उन्हात नेऊन बसला. पुसलं नाही, नमस्कार केला नाही, नुसता हात उघडा ठेवून बसून राहिला.

काकी दारात उभी होती. "चुकलं माझं," ती म्हणाली. दोघांपैकी कुणाला म्हणाली ते तिचं तिला ठाऊक.

पुढे मी तिला एकदा चिडवलं की काकी, शेवटी जिंकलात, देवाला कामाला लावलंत. ती चिंच लावून देवाला घासत होती. म्हणाली, "मी कोंडलं म्हणून माझा सुटला असेल, तर मग लखमाचं काय? जेठीने कोंडलं नाही हा तिचा गुन्हा?" आणि त्याच आठवड्यात ती एकटी झरीला जाऊन दोन दिवस जेठीकडे राहून आली. लखमा पुढच्या खेपेला सुटून आला. त्या दिवशी काकीने घरात गोड केलं, स्वतःच्या मुलाच्या वेळी केलं नव्हतं ते.

नाना म्हणाले, दोन सरकारांचं बोलणं झालं म्हणून सुटले. काकी म्हणाली, असेल. एवढंच. तिच्या तोंडचा हा शब्द मला नवा होता. देव काही करतो की नाही, या प्रश्नावर तिने पुन्हा पंच बोलावला नाही. मला, खरं सांगते, जरा चुकल्याचुकल्यासारखंच वाटायचं.

जयेशने वर्षभर घरीच राहून बघितलं. फुग्याच्या कारखान्यात लागला, पण बंद शेडमध्ये त्याला धाप लागायची. चिकूच्या वाडीत गेला, ते काम हंगामापुरतं. शेवटी नारळी पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा तो म्हणाला, बोटीवर जातो, तिथेच श्वास नीट येतो. काकी दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी उठून त्याचे कपडे धुवायला बसली.

त्याच सुमारास माझी घाटावर बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळीच शेठची बस आली आणि नाक्यावर जयेशला सोडायला मीही गेले. काकीने त्याच्या पिशवीची चेन दोनदा उघडून पाहिली. बस गेल्यावर आम्ही घरी आलो. माझी रिक्षा यायला वेळ होता, म्हणून जाताना हात जोडावेत असं मनात आलं. का आलं ते विचारू नका. आत गेले, तर देवघर रिकामं.

नाना त्या रिकाम्या देवघरासमोर बसले होते. मला म्हणाले, आता आमचंही घर निराकार झालं, बाई. आणि हसायचा प्रयत्न केला.

मी घाबरून अंगणात आले. काकी टोपलीतले ओले बोंबील एकमेकांत अडकवून दोरीवर टाकत होती. मी विचारलं, काकी, देव कुठे आहे? पुन्हा कोंडलात का?

तिने मान हलवली. हातातला बोंबील दोरीवर टाकला, आणि समुद्राकडे बघत म्हणाली, "दिला त्याच्याबरोबर. पकडलं तर दोघांना पकडतील."